फाटकाच्या कंट्रोलरचं फॉर्मल व्हेरिफिकेशन : उद्योगात खरंच कोणी करतं का?

अर्धविराम

नमस्कार मंडळी,

रेल्वे फाटकाच्या कंट्रोलरचं सॉफ्टवेअर करणाऱ्या टीममध्ये मी टेस्टिंग बघतो. दुहेरी मार्गावरचं फाटक, कोड सी मधला, बारा-तेरा हजार ओळींच्या आसपास. ऑपरेटिंग सिस्टिम नाही; एक मोठं लूप आणि दोन इंटरप्ट. सुरक्षा पातळी एसआयएल ४, म्हणजे सगळ्यात कडक.

आतापर्यंत युनिट टेस्ट, कव्हरेज आणि सिम्युलेटरवर रात्रभर चालणारे सिनारिओ एवढ्यावर भागत होतं. आता बाहेरचा असेसर, म्हणजे सुरक्षितता तपासणारा परीक्षक, आलाय. त्याने ईएन ५०१२८ या रेल्वे सॉफ्टवेअरच्या मानकातलं कोष्टक उघडून 'फॉर्मल मेथड्स'च्या (सॉफ्टवेअर बरोबर आहे हे गणिताने सिद्ध करण्याच्या पद्धती) ओळीवर बोट ठेवलं. एसआयएल ३ आणि ४ च्या रकान्यात 'एचआर' आहे. "वापरत नसाल तर का नाही, ते लिहून द्या," असं म्हणून तो गेला. आमच्या मॅनेजरनी यातून काढलेला अर्थ असा : एक टूल विकत घ्यायचं, एका बाजूने कोड घालायचा, दुसऱ्या बाजूने 'सिद्ध झालं' असा कागद येतो आणि टेस्टिंगचा निम्मा खर्च वाचतो. हे काम माझ्या गळ्यात पडलंय.

विचारायचं हे की प्रत्यक्ष उद्योगात हे कोणी करतं का, की पेपर लिहिण्यापुरतंच आहे? करत असतील तर मॉडेल सिद्ध करतात की कोड? टेस्ट खरंच बंद करता येतात का? आणि सुरुवात कुठून करू? कॉलेजातलं डिस्क्रीट मॅथ्स परीक्षेबरोबरच विसरलोय, हे आधीच सांगून ठेवतो.

सांधेवाला

मी इंटरलॉकिंगच्या पडताळणीत आहे. म्हणजे एकाच वेळी कोणता सांधा (गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारा) कुठे फिरलेला असावा आणि कोणता सिग्नल हिरवा होऊ शकतो, हे ठरवणारं लॉजिक तपासणं. तुमच्या फाटकाचा सख्खा शेजारी. त्यामुळे जरा लांब लिहितो.

आधी एचआर. 'हायली रेकमेंडेड' म्हणजे सक्ती नाही. ती पद्धत वापरा, नाहीतर त्याऐवजी काय करताय आणि ते का पुरेसं आहे हे लिहून असेसरला पटवा. बरेच लोक दुसरा रस्ता धरतात आणि तो कागद लिहिणं फार अवघडही नसतं. म्हणून नुसत्या कोष्टकासाठी हे करणार असाल तर करू नका. पैसे जातील आणि टीम चिडेल.

कोणी करतं का? पॅरिस मेट्रोची १४ नंबरची लाइन १९९८ साली सुरू झाली, पहिल्या दिवसापासून चालकाविना. तिच्या स्वयंचलित यंत्रणेतलं सुरक्षेचं सॉफ्टवेअर बी-मेथडने केलं. काय हवंय ते आधी गणितात लिहायचं, मग टप्प्याटप्प्याने तपशील भरत कोडपर्यंत यायचं आणि दर टप्प्याला आधीच्या टप्प्याशी इमान राखलंय हे सिद्ध करायचं, अशी ती रीत. शेवटी अडा भाषेतल्या सुमारे ८६ हजार ओळी तयार झाल्या. वाटेत सुमारे २७,८०० गोष्टी सिद्ध कराव्या लागल्या. बऱ्याचशा यंत्राने आपोआप सोडवल्या, उरलेल्या माणसांनी बसून. त्या भागाचं युनिट टेस्टिंग गाळलं.

हे शेवटचं वाक्य मॅनेजरना सुटं दाखवू नका. सगळं जोडल्यावरच्या आणि प्रत्यक्ष गाडीवरच्या चाचण्या तिथेही झाल्या. शिवाय तो कोड जन्मापासून बी मध्ये वाढलेला. तुमच्या तयार सी कोडवर तो संस्कार मागाहून करता येत नाही.

आता रोजचं काम कसं दिसतं ते सांगतो, कारण माहितीपत्रकात ते नसतं. 'सिद्ध झालं' हे आम्हाला क्वचित दिसतं. दिसतं ते प्रतिउदाहरण. मॉडेल चेकर नावाच्या टूलला एक प्रॉपर्टी, म्हणजे कायम पाळली जावी अशी अट, सांगायची : "सांध्यावर गाडी असताना सांधा कधीही फिरू नये." तो सगळ्या शक्यता पालथ्या घालतो आणि तासाभराने अशी गोष्ट रचून आणतो :

मार्ग लावला, सांधा कुलूपबंद झाला, सिग्नल हिरवा. गाडी पहिल्या ट्रॅक सर्किटवर (रुळाच्या त्या तुकड्यावर गाडी आहे का हे सांगणारी यंत्रणा) आली, मग दुसऱ्यावर, म्हणजे सांध्यावर. पुढच्या चक्रात तिसरं सर्किट 'व्यापलेलं' आणि दुसरं 'मोकळं'. लॉजिकच्या हिशेबाने गाडी सांधा ओलांडून पुढे गेली, म्हणून कुलूप सुटलं. दुसऱ्या मार्गाची मागणी रांगेत उभी होतीच. सांध्याला फिरण्याची आज्ञा गेली. त्याच्या पुढच्या चक्रात दुसरं सर्किट पुन्हा 'व्यापलेलं'. गाडीचा मागचा अर्धा भाग सांध्यावरच होता.

ट्रॅक सर्किट चालतं ते चाकं आणि आस दोन रुळांना विजेने जोडतात म्हणून. रूळ गंजलेला असला, गाडी हलकी असली की तो जोड क्षणभर सुटू शकतो. टूलला गंज कळत नाही. आपण त्याला 'सर्किट कधीही काहीही दाखवू शकतं' एवढंच सांगितलेलं असतं आणि तो त्याचा पुरेपूर गैरफायदा घेतो. हीच त्याची उपयुक्तता.

मग बैठक. सिग्नलवाले म्हणतात, "असं होत नाही, सर्किट मोकळं दाखवण्याआधी डिले आहे." कुठे आहे? रिलेमध्ये आहे. स्पेकमध्ये लिहिलंय? नाही. "सगळ्यांना माहीत असतं." त्या 'सगळ्यांना माहीत असतं'ची एक ओळ होते : सर्किट सलग इतकी सेकंद मोकळं असल्याशिवाय 'मोकळं' असं कळवणार नाही. ती ओळ मॉडेलमध्ये घातली की प्रॉपर्टी सिद्ध होते. पण आता ती ओळ देखभालवाल्यांच्या कागदातही जावी लागते. उद्या कोणी तो रिले बदलून जलद प्रतिसादाचा बसवला तर आमचं प्रूफ तिथेच रद्द होतं आणि कोणाला पत्ताही लागत नाही.

म्हणून माझ्या लेखी या सगळ्या उद्योगातली सगळ्यात किमती वस्तू म्हणजे ती गृहीतकांची यादी. प्रूफ चालवायला टूल आहे. यादी माणसांना भांडूनच करावी लागते.

तुमच्या फाटकासाठी : संपूर्ण कोडला हात लावू नका. आधी कागदावर चार-पाच प्रॉपर्ट्या साध्या भाषेत लिहा. मग फाटक, गाडी आणि कंट्रोलर यांचं छोटं मॉडेल करा. वेळ महत्त्वाची असल्यामुळे उप्पाल हा मॉडेल चेकर वापरा. ते उप्साला आणि आल्बोर्ग विद्यापीठांनी मिळून केलंय आणि घड्याळं त्यात मुळातच आहेत. गणित म्हणाल तर 'आणि', 'किंवा', 'जर-तर', 'नेहमी' आणि 'कधीतरी' एवढ्या शिदोरीवर बरीच मजल मारता येते.

दोन सापळे मात्र आधीच सांगतो. पहिला : 'गाडी रस्त्यावर असताना फाटक खाली असतं' ही प्रॉपर्टी पहिल्याच फटक्यात सिद्ध झाली तर आनंद मानू नका. मॉडेलमधली गाडी कुठेतरी अडकून फाटकापर्यंत पोचतच नसेल, तर हे विधान खरंच असतं, पण पोकळ. म्हणून टूलला उलटंही विचारायचं : गाडी फाटकावर आलेली एक तरी स्थिती दाखव. दुसरा : कायम बंद असलेलं फाटक पूर्ण सुरक्षित असतं. 'गाडी नसेल तर ते कधीतरी उघडतं' हेही मागायला विसरू नका.

शून्यभागिले

सांधेवाला यांच्याशी निम्मा सहमत. मॉडेल, प्रॉपर्टी, बैठका, सगळं छान. पण अर्धविराम यांच्याकडे तयार सी कोड आहे आणि असेसर दारात आहे. मी विमानांच्या सॉफ्टवेअरमधला माणूस. माझा सल्ला : आधी कोडवर स्टॅटिक ॲनालायझर लावा, म्हणजे कोड न चालवता तपासणारं टूल. मोफत मिळणारी, नुसत्या सूचना फेकणारी टूलं नव्हेत. ज्यांनी 'ओव्हरफ्लो (संख्या दिलेल्या जागेत न मावणं) नाही' म्हटलं तर तो खरोखरच नसतो, अशी.

एरियन ५ रॉकेटची गोष्ट सगळ्यांना माहीत असते, पण अर्धवट. ४ जून १९९६ ला पहिल्याच उड्डाणात, साधारण ३७ व्या सेकंदाला, ६४ बिटांची एक फ्लोटिंग पॉइंट किंमत १६ बिटांच्या पूर्णांकात मावली नाही, संगणक बंद पडला आणि रॉकेट गेलं. राखीव संगणकावरही तेच सॉफ्टवेअर होतं. तो क्षणभर आधीच याच कारणाने बंद पडलेला. गंमत पुढे आहे. अशा सात रूपांतरांपैकी चारांना संरक्षण दिलं होतं, तिघांना मुद्दाम दिलं नव्हतं, कारण प्रोसेसरचा भार ८० टक्क्यांच्या आत ठेवायचा होता आणि त्या तिघांच्या किमती वाढणार नाहीत असा हिशेब होता. हिशेब एरियन ४ च्या उड्डाणमार्गापुरता ठीक होता. (सांधेवाला, तुमची यादी इथे चपखल बसते, हे मान्य.) पण ते रूपांतर धोक्याचं आहे हे सांगायला बैठक लागत नाही, ॲनालायझर ते स्वतः दाखवतो.

एअरबसने हेच केलं. पॅरिसच्या एकोल नॉर्मालमध्ये पॅट्रिक कूझो यांच्या गटाने अ‍ॅस्ट्रे नावाचं टूल बनवलं. २००३ साली त्याने ए३४० च्या मुख्य उड्डाण नियंत्रणाच्या १ लाख ३२ हजार ओळींच्या सी कोडमध्ये रनटाइम चुका (कोड चालताना होणाऱ्या, ओव्हरफ्लोसारख्या) नाहीत हे आपोआप सिद्ध केलं, एकही खोटी सूचना न देता. पुढे ए३८० लाही ते वापरलं.

आता पाण्याचा हबका. ते जमलं कारण टूल त्या जातीच्या कोडसाठीच घडवलेलं होतं : डायनॅमिक मेमरी नाही, रिकर्शन नाही, बराचसा कोड आकृत्यांतून यंत्राने लिहिलेला. तुमच्याकडे फंक्शन पॉइंटर आणि इंटरप्टमधून बदलणारे ग्लोबल असतील, तर पहिल्या दिवशी शेकड्याने सूचना येतील आणि त्यातल्या बहुतेक खोट्या असतील. त्या एकेक निस्तरणं हेच काम. कंटाळवाणं आहे, पण दर सूचनेमागे एक प्रश्न असतो : ही किंमत इथे येऊच शकत नाही, हे तुम्हाला कशावरून माहीत?

टायमरचे काउंटर आधी बघा. बोइंग ७८७ च्या जनरेटर कंट्रोल युनिटमध्ये एक काउंटर सलग २४८ दिवस वीज चालू राहिली तर ओसंडत होता. चारही युनिटं एकदम चालू केलेली असतील तर चारही एकदम बंद. २०१५ साली अमेरिकेच्या एफएए या विमानवाहतूक नियामकाने त्याबद्दल आदेश काढला. ३२ बिटांच्या चिन्हांकित काउंटरमध्ये सेकंदाचे शतांश मोजून बघा, किती दिवसांत भरतो ते. रात्रभर चालणाऱ्या सिनारिओत हे सापडत नाही.

बिनओळीचा

आमचा अनुभव कडू आहे, तोही ऐकून ठेवा. टूल घेतलं, ट्रेनिंग झालं, एका हुशार मुलीने झकास प्रूफ लिहिली. ती दुसरीकडे गेली. आता कोडमधली एक ओळ बदलली की सतरा प्रूफ तुटतात आणि ती का तुटली हे वाचू शकणारं इमारतीत कोणी नाही. शेवटी वरून आदेश : प्रूफ फोल्डर बिल्डमधून काढा. लायसन्सचं नूतनीकरण मात्र दरवर्षी नेमाने होतं, ते दुसऱ्या खात्याच्या बजेटमध्ये आहे ना!

टिकटिक

चिप डिझाइनकडून थोडं. आमच्याकडे हा वाद फार पूर्वीच मिटला, कारण सिलिकॉन एकदा भाजून आलं की त्यात पॅच टाकता येत नाही. १९९४ चा पेंटियमचा भागाकाराचा बग हे त्याचं मोठं कारण. एका तक्त्यातल्या पाच जागा भरायच्या राहिल्या होत्या आणि इंटेलला ४७.५ कोटी डॉलरचा फटका बसला. त्यानंतर कंपन्या आकडेमोडीच्या सर्किटांची प्रूफ करायला लागल्या. एएमडीने के५ च्या भागाकाराचा अल्गोरिदम एसीएल२ या सिद्धतेच्या टूलमध्ये सिद्ध करून घेतला. इंटेलने तर कोअर आय७ च्या एक्झिक्युशन क्लस्टरसाठी (आज्ञा प्रत्यक्ष पार पाडणारा भाग) पडताळणीचा मुख्य भार फॉर्मलवर टाकला आणि त्या पातळीवरच्या कव्हरेजच्या टेस्ट सोडून दिल्या.

टेस्टने का भागत नाही ते मॅनेजरना असं समजावा. ३२ बिटांच्या दोन संख्यांची बेरीज. सेकंदाला शंभर कोटी जोड्या तपासल्या तरी सगळ्या संपायला सुमारे ५८४ वर्षं लागतात. ही नुसती बेरीज; यात स्मृती नाही, वेळ नाही, इंटरप्ट नाही. प्रूफ मात्र हे काही मिनिटांत उरकतं, कारण ते जोड्या मोजतच नाही.

बिनओळीचा यांचं दुखणं खरं आहे. एसईएल४ हे मायक्रोकर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा छोटासा गाभा) बघा : सुमारे ८,७०० ओळींचा सी कोड, आणि २००९ साली त्याची जी सिद्धता पुरी झाली तिच्या सुमारे दोन लाख ओळी, अनेक माणसांची अनेक वर्षं. असली पूर्ण सिद्धता फाटकाच्या टीमने मनातही आणू नये. पण माणसाने लिहिलेली प्रूफ आणि आपोआप चालणारा मॉडेल चेकर ही दोन वेगळी जनावरं आहेत. कोड बदलला की मॉडेल चेकर पुन्हा चालवायचा, एवढंच. एखादी हुशार मुलगी सोडून गेली तरी बटण राहतं. फक्त प्रॉपर्टी वाचता येणारा एक माणूस टिकवा.

तुमच्या सी कोडसाठी सीबीएमसी हे टूल बघा. ते लूप ठरावीक वेळा उलगडतं, सगळ्याचं एक भलंमोठं तार्किक सूत्र करतं आणि सॉल्व्हरला विचारतं की हे मोडणारा इनपुट आहे का. असला तर इनपुट हातात देतं. तुम्ही टेस्टिंगवाले आहात, तुम्हाला हे लगेच आवडेल : टूलने शोधून दिलेली टेस्ट केसच ती.

अर्धविराम

सगळ्यांचे आभार. सांधेवाला, तुमचा प्रतिसाद छापून मॅनेजरच्या टेबलावर ठेवलाय. त्यांनी युनिट टेस्टिंगच्या वाक्याखाली पेनाने रेघ मारली आणि पुढचं वाचलं नाही, अशी शंका आहे. तेव्हा सरळ विचारतो : टेस्ट बंद, याला काय उत्तर देऊ? आणि सोर्स कोड सिद्ध केला तरी कंपायलरने मधेच घोळ घातला तर?

सांधेवाला

मॅनेजरना डीप स्पेस १ या यानाची हकीकत सांगा. नासाच्या या यानावर रिमोट एजंट नावाचं स्वतः निर्णय घेणारं सॉफ्टवेअर होतं. १९९७ साली त्याचा एक भाग स्पिन या मॉडेल चेकरने तपासला आणि एकाच वेळी चालणाऱ्या कामांच्या गुंत्यातले पाच दोष सापडले. झकास. मे १९९९ मध्ये यान अंतराळात असताना ते सॉफ्टवेअर डेडलॉकमध्ये अडकलं, म्हणजे कामं एकमेकांची वाट बघत थांबली. शोध घेतल्यावर दिसलं की सापडलेल्या पाचांपैकी एकाच्याच जातीचा हा दोष, पण दुसऱ्या मोड्यूलमध्ये; जे मॉडेल चेकरखाली कधी आलंच नव्हतं.

म्हणजे पद्धतीने काम चोख केलं. तिची हद्द कुठे संपते तेवढं लक्षात राहायला हवं होतं. तुमच्याकडे सेन्सरची केबल, मोटर, वीजपुरवठा, इनपुट वाचणारा ड्रायव्हर हे सगळं हद्दीबाहेर राहणार. तिथे टेस्टच. विमानवाल्यांचंही तेच, शून्यभागिले जास्त सांगतील.

शून्यभागिले

बरोबर. डीओ-१७८सी या विमान सॉफ्टवेअरच्या मानकाबरोबर २०११ मध्ये डीओ-३३३ ही फॉर्मल मेथड्सची पुरवणी आली. काही टेस्टच्या जागी प्रूफ चालतं, असं ती स्पष्ट म्हणते. पण खऱ्या हार्डवेअरवर चालवून बघण्यातून सुटका नाही, हेही म्हणते. मॅनेजरना हे मधल्या दोन ओळी न गाळता वाचून दाखवा.

कंपायलर : एक तर कॉम्पसर्ट, झेविएर लेरॉय यांच्या गटाने सिद्धतेसह लिहिलेला सी कंपायलर. २०११ साली युटा विद्यापीठातल्या लोकांनी यादृच्छिक सी प्रोग्रामांचा भडिमार करून जीसीसी, एलएलव्हीएम अशा नेहमीच्या सगळ्या कंपायलरांत बग काढले. कॉम्पसर्टच्या सिद्ध केलेल्या भागात चुकीचा कोड निर्माण करणारा एकही सापडला नाही. जे काही होते ते सिद्धतेच्या हद्दीबाहेर. तो परवडत नसेल तर ऑप्टिमायझेशन बंद ठेवा आणि कंपायलरने तयार केलेल्या ऑब्जेक्ट कोडवर टेस्ट चालवा, बहुतेक जण तेच करतात. आणि टूलच चुकलं तर, असंही असेसर विचारेल. ईएन ५०१२८ मध्ये पडताळणीचं टूल टी२ वर्गात येतं. ते चूक हुकवू शकतं, कोडमध्ये घुसवू शकत नाही. कंपायलर टी३. तयारी करून बसा.

अर्धविराम

थोडी प्रगती. उप्पालमध्ये मॉडेल केलं : दोन मार्ग, दर मार्गावर एक गाडी, फाटकाच्या चार अवस्था (वर, खाली येतंय, खाली, वर जातंय). आमचे आकडे असे : जास्तीत जास्त वेगाची गाडी दूरच्या सेन्सरपासून फाटकापर्यंत २५ सेकंदांत येते. सेन्सर लागला की आधी ८ सेकंद लाल दिवे आणि घंटा, मग फाटक खाली यायला १० सेकंद. म्हणजे १८ सेकंदांत बंद, ७ सेकंद हातात.

पहिल्या वेळी प्रॉपर्टी लगेच सिद्ध झाली. पोकळ असेल म्हणून उलटं विचारलं, तर गाडी खरोखरच फाटकावर येत नव्हती. एक अट उलटी पडली होती. ती सरळ केल्यावर हे आलं :

पहिली गाडी निघून गेली, गाड्यांची मोजणी शून्य, फाटक वर जायला लागलं. एक सेकंद झाला आणि दुसऱ्या मार्गावरच्या गाडीने दूरचा सेन्सर ओलांडला. आमचं लॉजिक 'खाली जा' ही आज्ञा फाटक पूर्ण वर असतानाच स्वीकारतं, कारण मोटरची दिशा अर्ध्यात उलटवायची नाही असं मोटरवाल्यांनी फार पूर्वी सांगितलं होतं. म्हणून उरलेले ९ सेकंद फाटक वर जातं. मग ८ सेकंद दिवे. मग १० सेकंद खाली. बेरीज २७. गाडी २५ व्या सेकंदाला रस्त्यावर, फाटक अजून अधांतरी.

सिम्युलेटरच्या सिनारिओंमध्ये 'दुसरी गाडी' आहे, पण ती फाटक खाली असतानाच येते. रिक्वायरमेंटच्या दस्तऐवजात फाटक वर जात असताना सेन्सर लागला तर काय करायचं, याबद्दल अवाक्षर नाही.

आता ९ सेकंदांच्या वर चढण्यात दिवे लगेच लावून टाकले, म्हणजे ८ सेकंद त्यातच सामावले, तर ९ अधिक १० म्हणजे १९ सेकंद. हा बदल कोडमध्ये दोन ओळींचा आहे. करून टाकू का?

सांधेवाला

तुम्ही करू नका. बदल चांगला आहे, पण तो टेस्टिंगवाल्याने ठरवायचा नाही. फाटक वर जाताना पाहून रस्त्यावरचा ड्रायव्हर मोटार पुढे काढतो. त्याच क्षणी लाल दिवे लागले तर तो थांबेल की निसटायला बघेल, हे तुमच्या मॉडेलमध्ये नाही. सिग्नलिंगवाल्यांसमोर तीन पर्याय ठेवा : दिवे लगेच, मोटर अर्ध्यात उलटवणं, किंवा दुसरी गाडी ठरावीक अंतराच्या आत असेल तर फाटक मुळात उघडूच नये. तिसऱ्याला आणखी लांबचा सेन्सर लागेल आणि रस्त्यावर खोळंबा होईल. दुसऱ्यासाठी मोटरवाल्यांना विचारा की 'दिशा उलटवायची नाही' हे कशामुळे म्हणाले होते. बऱ्याचदा ते आधीच्या गिअरबॉक्सपुरतं असतं.

तिन्ही पर्याय मॉडेलमध्ये घालून चालवा आणि निकाल बरोबर न्या. 'वेग जास्तीत जास्त इतकाच' हे गृहीतक यादीत सगळ्यात वर लिहा; २५ सेकंद त्यावरच उभे आहेत.

बिनओळीचा

आणि तो ट्रेस, म्हणजे २७ सेकंदांचं ते प्रतिउदाहरण, असेसरला आधी तुम्हीच दाखवा. त्याला स्वतःला सापडला तर मॅनेजर टूलचं नाही, तुमचं नूतनीकरण थांबवतील.

अर्धविराम

सोमवारी बैठक लावली आहे. मोटरवाल्यांनी आत्ताच कळवलं की उलटवायला हरकत नाही, पण मधे दीड सेकंद थांबावं लागेल. मॉडेलमध्ये सातवी अवस्था घालतोय. पाचवी आणि सहावी दिव्यांसाठी लागली.